ह्यांचा हलता दात आणि आयर्लंडचं गाणं

आमच्या ह्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला तेव्हापासून आमच्या घरात कुणी स्वस्थ बसून जेवलं नाही. आता तुम्ही म्हणाल, दातच तो, काढून टाकायचा. पण दात क्लॅरिनेटवाल्याचा असला की तो काढून टाकायचा नसतो, सांभाळायचा असतो. खालचा ओठ दातांवर दुमडायचा आणि वरचे दात वाद्याच्या चोचीवर टेकवायचे, तेव्हा कुठे सूर निघतो. पुढचा दात गेला की फुंकलेली हवा बाजूनं निसटते आणि वाद्य बदकासारखं ओरडतं.

हे सुरतेत कापडाचे लूम चालवायचे आणि लग्नसराईत आमच्याच खानदेशी लोकांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लूमचं काम पोटासाठी होतं. क्लॅरिनेट कशासाठी होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लूमवरचं शटल, म्हणजे धोटा, असं इकडून तिकडे पळत असतं, आणि कधीतरी ते वाट सोडून उडतं. त्या वर्षी पौषात ते उडालं ते थेट ह्यांच्या तोंडावर. ओठ फाटला, तो शिवला, भरूनही आला. दात मात्र हलायला लागला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "काढून टाकू, आज नाहीतर महिन्यानं पडणारच आहे." हे म्हणाले, "लग्नसराई होऊ द्या." आणि उठून घरी आले.

तिथून सुरू झाली ती सगळी धडपड. भाकरी वरणात कुस्करून खायची, शेंगदाणा बंद, ऊस बंद. रस्त्यानं चालतानासुद्धा जीभ त्या दातावर. माझ्याशी बोलताना मध्येच थांबून जिभेनं चाचपायचे, आहे का जागेवर. मी पण त्यांच्या तोंडाकडेच बघत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "तू कसाले त्याना तोंडकडे देखी राह्यनी? तू देखशी म्हणून काय दात घट्ट व्हई जाई?"

अशात माझा धाकटा दीर एक टेप घेऊन आला.

दीर तेव्हा सुरतेजवळ हजीऱ्याच्या कारखान्यात होता, पाइप जोडणाऱ्या फिटरच्या हाताखाली. तिथं परदेशातून आलेले बरेच साहेब असायचे. त्यातला एक आयर्लंडचा. आम्हाला काय, गोरा म्हणजे इंग्रज. पण दीर म्हणाला, "वहिनी, त्याला इंग्रज म्हटलं की तो हातातला पाना खाली ठेवून भांडायला उठतो. आईला कुणी गुजराती म्हटलं तर ती कशी करेल, तसा." तर ह्या साहेबाच्या बहिणीचा मुलगा तिकडे गाणी म्हणायचा. चार पोरांनी मिळून एक बँड काढला होता, आपल्यासारखा वाजंत्र्यांचा नव्हे, गिटार आणि ढोलवाला. अजून कुणी मोठं ओळखत नव्हतं त्यांना, दारूच्या गुत्त्यांत वाजवायचे, पण एका गाण्यानं त्यांचं नाव व्हायला लागलं होतं. मामाला भाच्याचा एवढा अभिमान, की साइटवर जो ऐकेल त्याला तो ते गाणं ऐकवायचा. परत जाताना जुना टेप आणि आतली कॅसेट दिराच्या हातात ठेवून गेला.

दुपारी आम्ही बायका ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या. दिरानं टेप मध्ये ठेवला आणि लावला.

आधी एकटी गिटार. मग एक पोरगा असा सुरू झाला, जसा आत्ताच झोपेतून उठलाय आणि अजून कुणाशी बोललेला नाही. हळू, जवळजवळ बोलल्यासारखा. आणि मग अचानक त्याचा आवाज जो वर चढला, माझ्या हातातली टिकली काठाला चिकटायची ती बोटालाच चिकटली. वर गेला आणि खाली आलाच नाही. आपलं गाणं कसं, कितीही फिरलं तरी शेवटी घरी येतं. हे आलं नाही. तिथंच टांगलेलं राहिलं आणि संपलं.

सासूबाई आतून बाहेर आल्या. "हाऊ कोनासाठे रडी राह्यना वं? कोन मरी गयं?"

"आई, प्रेमाचं गाणं आहे ते," दीर म्हणाला.

"प्रेम कर्ता कर्ता असं रडतस? लगीन व्हयेल व्हई त्यानं."

बायका एवढ्या हसल्या की गोंदाची वाटी सांडली. पण मला मात्र चैन पडेना. मी म्हटलं, "सांगतो काय पण तो?" दिराला साहेबानं जेवढं सांगितलं होतं तेवढं त्यानं सांगितलं. एक मुलगी वरच्या मजल्यावर राहते. हा रोज तिच्या खिडकीखालून जातो. पाऊस असतो, थंडी असते, हा जातोच. तिच्या खोलीत दिवा असतो. आणि हा हाक मारत नाही.

"मंग काहून नाही मारत?" आमची शेजारीण वऱ्हाडातली, ती चिडूनच म्हणाली. "तोंड हाय ना त्याले? एवढं गाणं म्हणते, अन् एक हाक नाही मारता येत?"

"हाक मारली तर गाणं कशाचं म्हणेल?" दीर म्हणाला.

"तुले काय समजते बे," ती म्हणाली, आणि परत लाव म्हणाली.

मला खरं सांगायचं तर ते गाणं आवडलं की नाही तेच कळत नव्हतं. ते संपलं की असं वाटायचं, काहीतरी करायचं राहून गेलंय. दूध उतू गेलं का, नळ चालू राहिला का. उठून बघून यायची मी. काही नसायचं.

संध्याकाळी हे पाळीवरून आले. दिरानं त्यांना ऐकवलं. ह्यांनी हात धुतले नव्हते, चहा घेतला नव्हता. ऐकलं आणि म्हणाले, "मागे घे." परत ऐकलं. "मागे घे." तो आवाज जिथं वर चढतो तेवढीच जागा परत परत. सेल उतरायला लागले, पोराचा आवाज जाडा झाला, म्हशीसारखा, तेव्हा कुठे उठले. नंतर सेल वाचवायला आम्ही पेन्सिलीनं कॅसेट मागे फिरवायचो. ते काम माझ्याकडे. बोटांना कळायला लागलं होतं किती वेढे म्हणजे ती जागा.

मग एकदा जेवताना म्हणाले, "ही सामन्याला वाजवतो."

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात वराकडचा एक बँड आणि वधूकडचा एक, असे दोन समोरासमोर आले की सामना होतो. एकानं एक चीज वाजवायची, दुसऱ्यानं त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचं. असं चालतं, तास तास चालतं. समोरच्याला ज्याची चीज उचलता येत नाही तो जिंकला. म्हणून प्रत्येक बँडवाला एखादी चीज लपवून ठेवतो. सामन्याआधी कुणाला ऐकवायची नाही, ऐकवली की फुटते. समोरचे लोक आपली माणसं पाठवून चोरूनही ऐकतात. आणि त्या वैशाखात सुरतेजवळ पलसाण्याला आमच्याच भाऊबंदांतलं लग्न होतं. वधूकडून आमचा बँड आणि वराकडून गावाकडचा मोठा, सोनेरी झालरीचे कोट घालणारा.

मी म्हटलं, "आणि दात?"

"तेवढं टिकेल."

"आणि नाही टिकला तर?"

"तर मग नंतर कधीच नाही ना वाजवायचं. म्हणून तर हीच."

एवढं बोलून जेवायला लागले. ह्या माणसाला त्या एका दातावर एकदाच वाजवायचं होतं, आणि ते हे वाजवायचं होतं, माझ्या कानांत दिवसभर टांगलेलं.

सराव कुठे करायचा? चाळीत रात्रपाळीची माणसं दिवसभर झोपलेली, क्लॅरिनेट काढलं की भिंतीवर चपला आदळायच्या. आणि चीज लपवायचीही होती. मला वाटलं, नदीकडे जात असतील. एकदा डबा विसरून गेले म्हणून मी तो घेऊन लूमच्या शेडवर गेले. खातं म्हणतात इथे त्याला. आत पाऊल टाकलं की कानांवर कुणी पत्रे आपटतंय असं वाटतं. बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांनी. एका उडिया कारीगरानं मला बोटानं दाखवलं, तिकडे, मागे.

मागे सूत गुंडाळलेल्या बीम रचून ठेवलेल्या. त्यांच्या आड हे उभे. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, बोटं भराभर चालताहेत. आणि आवाज काहीच नाही! म्हणजे असणार, पण लूमच्या धडधडाटात एक सूर माझ्यापर्यंत येईना. मी नुसती बघत उभी. छाती वर येताना दिसायची, आणि मी मनात म्हणायची, आता ती जागा आली. आता वर गेला. कपाळावर शीर उठली, म्हणजे गेलाच.

डोळे उघडल्यावर मला बघून दचकले. बाहेर दाराशी आलो तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला तरी ऐकू येतं का आत?"

"कानांनी नाही येत," म्हणाले. "दातातून येतं. वाद्य दातावर टेकलं ना, की सगळं डोक्यात वाजतं."

"मग दुखत असेल."

"त्याच्याशिवाय ऐकू कसं येणार?"

डबा घेतला आणि आत गेले. मी परत येताना लिंबायतपर्यंत, आमच्या चाळीपर्यंत, पायीच आले. रिक्षात बसवेना.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. मिलच्या कामगारांच्या खोल्यांमागे मोकळी जागा, तिथं मांडव. हळद लागली, पंगतीला पत्रावळी मांडल्या, मी एकाच ओळीत दोनदा मीठ वाढलं. सासूबाई ओरडल्या. ह्यांना मी मांडवाच्या टोकाला पाहिलं, लाल कोट, डोक्यावर तुरा, आणि जीभ दातावर.

दिवस कलायला लागला तसा नवरदेव मारुतीच्या देवळाकडून घोड्यावर निघाला. पुढे तो झालरवाला बँड. मांडवाच्या तोंडाशी आमचा उभा. पोरं मध्ये नाचायला. सामना सुरू झाला. त्यांनी एक वाजवलं, आमच्यांनी उत्तर दिलं. आमच्यांनी एक टाकलं, त्यांनी ते उचलून दुप्पट वेगात परत केलं. पोरांच्या अंगात आलं होतं. आमचे मास्तर घामानं निथळत होते. शेवटी त्यांनी ह्यांच्याकडे बघून मान हलवली.

ह्यांनी वाद्याच्या चोचीवरची पत्ती ओठांत ओली केली, वाद्य तोंडाला लावलं, आणि सुरू केलं.

मी ते ह्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आजवर नुसतं बघितलं होतं. अंगावर काटा आला. पण मागे ढोलवाला ह्यांच्याकडे बघतोय, झांजवाला ढोलवाल्याकडे बघतोय, मास्तर तिघांकडे बघताहेत, आणि कुणाला काही कळत नाही! माणसानं ती चीज इतकी लपवली होती, की स्वतःच्या बँडलाही ऐकवली नव्हती. सगळा सराव खात्यात. लूमला ताल कळला असेल तर असेल. ढोलवाल्यानं हिंमत करून नाचाचा ठेका दिला, तो काही बसेना. ह्यांनी डोळे न उघडता मागे पाय झाडला, की थांब. तो थांबला. मग एकटं क्लॅरिनेट.

पोरांचे हात हवेत तसेच राहिले. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नवरदेव जित्ता शे ना?"

हशा झाला. घोडासुद्धा कान हलवायला लागला. नवरीचा मामा पुढे आला, "अरे मुहूर्त टळी राह्यना, हाई काय लाई देनं?" सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतत होती, पण मी सोडवलं नाही. हे वाजवत होते. आणि ती जागा आली.

वर चढले, आणि 'चीं' असा आवाज फुटला. बदकाचा.

आता तर हसू आवरेना लोकांना. ह्यांनी वाद्य बाजूला घेतलं, पाठ फिरवली, खाली थुंकले. मला वाटलं संपलं. पण त्यांनी तोंडावरून हात फिरवला, क्लॅरिनेट ओठांच्या डाव्या कोपऱ्यात वाकडं धरलं आणि तिथूनच, त्याच चढणीवरून, परत सुरू केलं. हसणाऱ्यांच्या मधून वर गेले. वर ठेवलं. खाली आणलं नाही. जसं त्या आयर्लंडच्या पोरानं सोडलं होतं, तसंच हवेत सोडून वाद्य खाली घेतलं.

टाळी कुणीच वाजवली नाही. झालरवाल्यांच्या मास्तरनं हसून हात वर केला आणि असा ठेका टाकला की पोरं परत उड्या मारायला लागली. सामना आम्ही हरलो. जिंकणाऱ्याचं उपरणं त्यांना बांधलं.

अक्षता पडल्या, लोक पंगतीला बसले. बँडवाले शेवटी जेवतात. मी मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपाकडे गेले. हे तिथं चुळा भरत होते. चूळ लाल. माझ्याकडे बघून तोंड उघडलं. जागा मोकळी होती.

"कुठे पडला?"

"गिळला वाटतं," म्हणाले. आणि मग, "पण झालं ना पूर्ण?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडू आणि राग दोन्ही आलं होतं, आणि त्यांना तर त्या वाजवण्याखेरीज काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात त्या झालरवाल्या बँडमधला एक म्हातारा तिथं आला. कॉर्नेटवाला. कोटाची बटणं काढलेली, हातात ते छोटं ट्रम्पेटसारखं वाद्य. म्हणाला, "भाऊ, ती चीज पुन्हा एकदा वाजव. आमचा मास्तर काही म्हणो, मला ती पाहिजे."

ह्यांनी तोंड उघडून दाखवलं.

म्हातारा हळहळला. "अरेरे. मग म्हणून तरी दाखव."

ह्यांना गळा अजिबात नाही. अंगाई म्हटली तर पोर जागं होतं. हे माझ्याकडे बघायला लागले. आता परक्या बँडवाल्यासमोर सुनेनं गाणं म्हणायचं, तेही सासूसमोर, कारण सासूबाई माझ्यामागून पाण्याला आल्याच होत्या. मी पदर ओढून घेतला. तर सासूबाईच म्हणाल्या, "म्हन ना वं, उभी काय ऱ्हायनी? रोज तर टिकल्या लावता लावता म्हंतस."

मला माहीतच नव्हतं मी म्हणते ते.

शब्द तर येत नव्हते. नुसत्या आकारात म्हटलं, पिंपाला टेकून, जमिनीकडे बघत. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं, कॉर्नेट ओठांना लावून अगदी हळू मागोमाग येत राहिला, जसं कुणी काळोखात हात धरून चालतं. चुकला तिथं हे "नाही, नाही" म्हणायचे, दात नसलेल्या तोंडानं ते "नाफी, नाफी" यायचं, आणि मला परत म्हणायला लावायचे. चढणीच्या जागेवर माझा आवाज चिरकला. ह्यांनी हातानं खूण केली, वर ठेव. मी ठेवला. किती वेळ म्हटलं कोण जाणे. पंगत उठली होती.

पुढे ह्यांनी खोटा दात बसवला, पण वाद्य त्याला टेकलं की तो निसटायचा. क्लॅरिनेट बँडमधल्याच एकाला दिलं. त्याबद्दल बोलणं काढलं की उठून बाहेर जायचे. घरात बसवायचं नाही त्यांना. पाळी नसली की उगाच उधन्याच्या स्टेशनपर्यंत जाऊन यायचे.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही गावाकडे लग्नाला गेलो. दोघं मांडवात बसलेलो, माझ्या हातात जेवणाचं ताट. बाहेरून मिरवणूक येत होती. बँड कुठला होता माहीत नाही, सगळी तरणी पोरं, तो म्हातारा त्यात नव्हता. आणि त्यांनी ते वाजवायला घेतलं.

आधी मला कळलंच नाही. चौपट वेगात होतं. खाली ढोलाचा दणका, ताशा, मध्ये शिट्ट्या, आणि पोरं त्यावर नाचत होती, बायका नाचत होत्या, नवरदेवाची आत्यासुद्धा. आयर्लंडच्या त्या पोराला सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं खूश होतील. पण त्यांच्या कपाळावर ती शीर उठली होती.

"खाली आणताहेत," म्हणाले.

"काय?"

"शेवट. खाली आणून बसवताहेत. ऐक."

खरंच. वर चढल्यावर कॉर्नेटवाला अलगद उतरून घरी येत होता, आपल्या सगळ्या गाण्यांसारखा. लोकांना ते बरं वाटत असणार, पाय टेकायला जागा मिळते.

"असू द्या हो," मी म्हटलं, "वाजवताहेत हेच काय कमी आहे?"

"असं नाही ते." उठलेच. मी मागे ताट घेऊन. गर्दीतून वाट काढत ते थेट कॉर्नेटवाल्यासमोर जाऊन उभे. काहीतरी सांगत होते, त्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार? एक पोरगा ओरडला, "काका, बाजूला व्हा ना, मिरवणूक थांबी गयी." हे हलेनात. मग बँड पुढे सरकायला लागला तसे हे उलटे चालायला लागले, तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे, आणि प्रत्येक वेळी ती जागा आली की दोन्ही तळहात वर उचलायचे. वर. वर ठेव. कॉर्नेटवाला हसायचा, मान हलवायचा, आणि खाली यायचा. हे परत हात वर करायचे. दगडाला अडखळले, मी मागून दंडाला धरलं, तरी हात खाली नाहीत. ताटातलं वरण माझ्या पायावर सांडत होतं.

देवळाच्या वळणाशी त्या पोरानं शेवटी एकदा, कंटाळूनच असेल, सूर वर ठेवला. उतरला नाही. नाचणाऱ्यांचे पाय चुकले, सगळी मिरवणूक एकमेकांवर आदळली, शिव्या ऐकू आल्या. ढोलवाला गोंधळून थांबला. तेवढ्या शांततेत हे मागे वळून मला म्हणाले, "हां. हे."

आणि परत पुढे वळून हात वर केले, आणखी एकदा वाजव म्हणून.